कोणाची गाडी चालवावी?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला दूरध्वनीवर विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, ‘कोणाची गाडी चालवावी?’ पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, ‘म्हणजे वाहतूक कामगारांच्या समस्या, असेच ना?’ मी म्हणालो, नव्हे. समस्या पुष्कळ आहेत, आणि त्यांवर बोलणारेही पुष्कळ आहेत. माझ्याकडे दर आठवड्याला एखादा तरी पोरगा येतो आणि विचारतो, ‘दोन शेठ बोलावताहेत, कोणाची गाडी धरू?’ त्याला काय सांगावे, एवढ्यावरच मला आज बोलायचे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या प्रथेचा पाया घातला, तिच्यातल्या एका व्यासपीठावर सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला उभे करायचे ठरवलेत, तर विषयही त्याच्याच घरचा चालवून घ्या.

आपल्यापैकी बहुतेकांचा ह्या धंद्याशी संबंध पाठीमागून येतो. महामार्गावर तुमची मोटार चालली आहे आणि पुढे एक लांबलचक ट्रेलर आहे. त्याला हौदा नाही, बाजू नाहीत, मागे फाळका नाही. नुसता लोखंडी पाट. त्यावर सळ्या, पत्र्याच्या जाड प्लेटा, नळ, नाहीतर कागदाच्या गुंडाळीसारखी वळलेली पोलादी पत्र्याची कॉइल. तुम्ही मनात म्हणता, हे सुटले तर? आणि आरसा पाहून बाजूने निघून जाता. योग्यच करता. पण ते सुटले तर ते नेहमी मागेच येईल असे नाही. सळ्या मागे येतात. म्हणून तर मागच्या बाजूने माल बाहेर काढण्याची जी सवलत नियमात होती, ती केंद्र सरकारने २०१४ साली काढून घेतली. कॉइल मात्र पुढे जाते. पुढे चालकाची पाठ असते.

हे जरा समजावून सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे ह्यावर उभे आहे. एक कॉइल वीस टनांची म्हणा. त्याहून जडही असतात. तिचे भोक गाडीच्या बाजूंकडे करून ठेवले तर ती पुढे-मागे लोळू पाहते. भोक पुढच्या दिशेला करून ठेवले तर लोळत नाही, पण सरकते, आणि वळणावर बाजूला कलंडू पाहते. गाडी जोरात रोखली की गाडी थांबते. कॉइलला थांबायचे काही कारण नसते. तिला लाकडी पाचरी आणि साखळ्या थांबवतात. अमेरिकेतल्या नियमात असे आहे की मालाच्या वजनाच्या आठ दशांश इतका पुढचा रेटा बांधणीने सोसला पाहिजे. म्हणजे वीस टनांच्या कॉइलचा सोळा टन. सोळा टनांचा रेटा आणि चालकाची पाठ ह्यांच्यामध्ये केबिनचा पत्रा असतो. तो पत्रा हाताने वाजवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

मी १९८४ साली, तेराव्या वर्षी, क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. उस्ताद पहिल्या दिवशी म्हणाला, ‘पुढचा रस्ता मी बघतो, तू मागचा माल बघ.’ सबंध शिक्षण एवढेच. लिहावाचायला येत होते ते बिल्ट्या वाचून पक्के झाले. कायद्याची पुस्तके पुढे नगरवाचनालयात वाचली. ग्रंथपालांना वाटे हा माणूस उन्हाचा बसायला येतो. पुढे दहा-बारा वर्षे ट्रेलर चालवला आणि मग युनियनच्या कामात पडलो. तेव्हा आता सांगतो ते अर्धे अंगावरचे आहे आणि अर्धे वाचलेले.

चालक मालक कसा निवडतो? मुंबईचा लोखंडाचा बाजार ज्या कळंबोलीला नेऊन बसवला, तिथल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बसा. तीन प्रश्न ऐकू येतील. फेरीला किती? गाडी कोणत्या सालची? आणि उचल देतो काय? नवा पोरगा तर तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण घरी बहिणीचे लग्न असते किंवा बापाचे दुखणे.

उचलीबद्दल फार बोलत नाही. ऊसतोडीच्या गावांतून आलेल्यांना ती काय चीज आहे हे मी सांगायला नको. पन्नास हजार घेतलेला माणूस ‘नको’ हा शब्द पन्नास हजारांना विकून आलेला असतो. गाडी कोणत्या सालची, हा प्रश्न बरा आहे, पण अपुरा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चांगली गोष्ट आहे. मे महिन्यात ज्याने इंजिनाशेजारी बसून विदर्भ ओलांडला त्याला विचारा. पण नव्या गाडीवर जुन्या साखळ्या असू शकतात, आणि असतातच.

खरा घोळ पहिल्या प्रश्नात आहे. फेरीला किती?

पगार देण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत महिन्याचा पगार आणि वर रोजचा भत्ता. दुसरीत फेरीची एक ठरलेली रक्कम: डिझेल इतके, वाटखर्च इतका, आणि उरेल ते तुझे. दुसरी रीत पोरांना आवडते. तिच्यात मर्दानगी वाटते. आपण जणू छोटे मालकच. महिन्याकाठी हातात दोन पैसे जास्तही दिसतात. पण त्या रीतीत कशाकशाचा धोका कोणाच्या अंगावर गेला, हे मोजून पाहा. कारखान्याच्या फाटकाशी गाडी दोन दिवस उभी राहिली, तर ते दोन दिवस चालकाचे. ट्रान्सपोर्टवाला माल धाडणाऱ्याकडून थांबल्याचे पैसे मागतो, त्याला धंद्यात ‘हॉल्टिंग’ म्हणतात. ते मिळालेच तर वरच्या वर जिरतात. पाऊस आला, ताडपत्री घालायला चढावे लागले, तासभर गेला, तो चालकाचा. साखळी पुन्हा ताणायला उतरावे, तर तोही वेळ चालकाचा. म्हणजे माल नीट बांधण्याचे प्रत्येक मिनिट त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते. माणूस आळशी नसतो हो. हिशेब त्याला आळशी करतो.

आणि डिझेल. ठरलेल्या डिझेलातून जे वाचेल ते आपले, असा करार असला की उतारावर गाडी न्यूट्रल होते. इंजिन बंदसुद्धा करतात. इंजिनाचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने अनेक गाड्या ठोकरल्या, आणि चालकाने इंजिन बंद केले होते, असे तपासात पोलिसांनी सांगितले. त्या एका माणसाने ते का केले हे मला ठाऊक नाही, आणि मी त्याची वकिली करीत नाही. पण वर्तमानपत्रांत ‘बेदरकार चालक’ हे दोन शब्द छापून आले की मला नेहमी तिसरा शब्द विचारावासा वाटतो. त्याच्या डिझेलचा हिशेब काय होता?

जादा वजनाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये दंड, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम मी पोरांना वाचून दाखवतो. त्यात म्हटले आहे की चालक मालक नसेल, तर ते कृत्य मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने झाले असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. कायदा करणाऱ्यांना माहीत होते, पाहा! वीस टन जादा लोखंड कोणी चालक हौसेने उचलून नेत नाही. पण रस्त्यावर दंडाची पावती ज्याच्या हातात पडते त्याच्या फेरीतून ती कापली जाते. कलम ११३ टपरीपर्यंत पोहोचत नाही.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

२०११ साली माझ्या जुन्या जोडीदाराचा मुलगा माझ्याकडे आला. चोवीस वर्षांचा. मला काका म्हणायचा. त्याच्या बारशाला मी होतो. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे होते. एक मालक लहान, तीन गाड्या, कटकट्या स्वभावाचा, पैसे कमी. दुसरा बराच मोठा. त्याच्याशी आमच्या युनियनने दोन महिन्यांपूर्वीच करार केला होता. भत्ता वाढवून घेतला होता, दिवाळीचा बोनस ठरवून घेतला होता. त्या कराराखाली माझी सही होती, आणि मला तिचा अभिमान होता. मी म्हणालो, ‘ह्यात विचारायचे काय? आपल्या कराराचा मालक आहे.’ तो गेला.

चौथ्या महिन्यात एके रात्री, साडेअकराच्या सुमारास, त्याचा फोन आला. ‘काका, कॉइल भरलीय. साखळ्या चार लागतात, दोनच दिल्यात. पाचरी फुटक्या आहेत. मुन्शी म्हणतो शेठला विचार, शेठ म्हणतात चल, सकाळी माल पोहोचला पाहिजे.’ मी त्याला काय सांगितले ते जसेच्या तसे सांगतो. मी म्हणालो, ‘करार नवा आहे. लगेच तंटा नको. हळू ने, सांभाळून घे, सकाळी मी शेठशी बोलतो.’

घाटात त्याच्यापुढे एक मोटार अचानक थांबली. त्याने ब्रेक मारला. मोटारीतली माणसे वाचली. पुढचे मी मघाशी सांगितले आहे, कॉइल कोणत्या बाजूला जाते ते.

सकाळी मी शेठशी बोललो खरा, पण ते दुसरेच बोलणे होते.

पुढे भरपाईचा दावा लावला. मालकाचे म्हणणे असे की हा आमचा नोकर नव्हेच, फेरीवरचा माणूस. नेमणूकपत्र नव्हते. आम्ही आयुक्तांपुढे ठेवले ते त्याचे नाव लिहिलेल्या बिल्ट्या आणि त्याने स्वतः ठेवलेली खर्चाची वही, जिच्यात चहाचे पैसेही लिहिले होते. नाते सिद्ध झाले. मग प्रश्न आला वेतन किती. १९२३ च्या भरपाई कायद्यात मृत्यूचे गणित सरळ होते: महिन्याच्या वेतनाचे निम्मे, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. पण प्रवासभत्ता वेतनात धरत नसत. मी करारात वाढवून घेतला होता तो भत्ता. कागदावरचा पगार तसाच थोडका राहू दिला होता, कारण पोरांना भत्ता वाढला की लगेच खिशात दिसे, आणि मालकालाही तेच सोयीचे होते. माझ्याच सहीने त्या मुलाची किंमत कमी झाली होती. हे मला त्या खोलीत बसल्यावर कळले. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती.

ती आजही मला राखी बांधते. कसे बांधते, मला कळत नाही.

असो. त्यानंतर मी पोरांना ‘कोणाची गाडी धरू’ याचे उत्तर देणे काही वर्षे बंदच केले होते. मग पुन्हा द्यायला लागलो, पण प्रश्न बदलला. मी विचारतो: त्या मालकाला आजवर कोणी चालक ‘ही गाडी मी हलवणार नाही’ असे म्हणाला आहे काय? आणि म्हणाला असेल, तर तो चालक आता कुठे आहे? ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवा, भत्त्याचे नंतर बघू.

ते मिळवायला कचेरीत जाऊन उपयोग नाही. कचेरीत गणपतीचा फोटो आणि थंड पाणी असते. यार्डात जा. साखळ्या कुठे ठेवल्या आहेत ते पाहा. खुंटीला टांगलेल्या असतील तर एक गोष्ट; चिखलात ढीग असेल तर दुसरी. कडी ताणून लांबलेली आहे काय, ते हाताला लागते. ताडपत्रीला ठिगळ असले तरी हरकत नाही, ठिगळ म्हणजे कोणीतरी लक्ष देते. चालकांची वये पाहा. सगळेच पंचविशीचे असतील तर पस्तिशीचे कुठे गेले, हे विचारा. गाडीचा नंबर घेऊन सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाका. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसते. जी पोरे दिवसभर त्या फोनवर नाच बघतात त्यांना हे माहीत नसते, आणि मालकाला विचारायची लाज वाटते. यंत्राला विचारायला लाज कसली!

आणि कागद मागा. पूर्वी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, लांबच्या पल्ल्याला दहा. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला तो लागू असे. म्हणून काही मालकांच्या चार गाड्या स्वतःच्या नावावर, चार बायकोच्या, चार भावजयीच्या. इतकी उद्योजक भावजय मी दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. ह्या संहितांविषयी आम्हा युनियनवाल्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या आज काढत नाही. पण त्यांत दोन गोष्टी कामाच्या आहेत. नेमणूकपत्राचा आग्रह धरला आहे; आणि वेतनातून वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. ही दुसरी ओळ २०११ साली असती तर, असे मला वाचताना वाटले. पुस्तक मिटवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

कोणी विचारील, मोठी कंपनी बरी की एका-दोन गाड्यांचा मालक? ह्याचे ठोक उत्तर नाही. मोठ्या कंपनीत कागद असतो, भविष्यनिर्वाह निधी असतो. पण तिथे एक खोलीही असते, जिच्यात पडद्यावर तुमची गाडी ठिपक्यासारखी दिसते, आणि ठिपका थांबला की फोन वाजतो, ‘का थांबलास?’ साखळी ताणायला थांबलो हे उत्तर त्या पोराला समजत नाही, कारण त्याने साखळी पाहिलेली नसते. लहान मालक बहुधा स्वतः चालक होता, त्याला समजते. पण त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता असतो, आणि पाच तारीख जवळ आली की समजूतही पातळ होते. माझा स्वतःचा कल दहा-पंधरा गाड्यांच्या, स्वतः पूर्वी चाक धरलेल्या मालकाकडे आहे. तसे मालक कमी होत चालले आहेत. आणखी एक सावधगिरी: मालावर ज्याचे नाव आहे तो, गाडीवर ज्याचे नाव आहे तो, आणि तुम्हाला पैसे देणारा तो, हे तिघे वेगळे असू शकतात, मध्ये चौथा दलाल असतो. नोकर तुम्ही नेमके कोणाचे, हे पहिल्या दिवशी ठरवून घ्या. अपघातानंतर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

अमेरिकेचा उल्लेख मी मघाशी केला. तिकडे ह्या उघड्या गाड्यांचा स्वतंत्र धंदाच आहे, आणि तिथला चालकही कंपनी निवडताना असेच प्रश्न विचारतो: ताडपत्री घालण्याचे वेगळे पैसे देता काय, फाटकावर थांबल्याचे देता काय, साखळ्या कोणाच्या? तिथे नियम असा की निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून बांधणी तपासलीच पाहिजे, आणि पुढेही ठरावीक अंतराने. कंपनीची सुरक्षिततेची नोंद सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि १९८३ पासून तिथे कायदा आहे की गाडी किंवा माल धोक्याचा आहे म्हणून चालकाने नकार दिला, तर त्याला काढता येत नाही. हे वाचले तेव्हा मला हेवा वाटला. मग पुढचे वाचले. १९६४ साली तिथल्या टीमस्टर्स युनियनने सबंध देशाचा एकच करार केला होता; १९८० मध्ये सरकारने धंदा मोकळा सोडला, आणि त्या युनियनची पकड सैल होत गेली. म्हणजे नकाराचा कायदा आला तो नकाराला बळ देणारे हात ढिले पडत असताना. काढता येत नाही, हे बरोबर. पण पुढची चांगली फेरी कोणाला द्यायची हे कोणता कायदा सांगणार?

इतक्या लांब जायचे कारणच नव्हते. उत्तर कळंबोलीच्या त्याच आवारात उभे आहे. कॉइल आणि सळ्या चढवणारा माथाडी पाहा. त्याच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी हयात घालवली. त्या कायद्याने मंडळे झाली. माथाडीची नोंद मंडळात, मालकाचीही नोंद मंडळात. मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि वर भविष्यनिर्वाह वगैरेंसाठी लेव्ही भरायची. त्या व्यवस्थेत काय बिघाड शिरले आहेत हे मला माहीत आहे, खोट्या टोळ्यांच्या तक्रारी मीही ऐकतो. पण मूळ युक्ती बघा. माथाडी एका व्यापाऱ्याला म्हणू शकतो, ‘हा हुक तुटका आहे, मी उचलणार नाही,’ कारण त्याची रोजी त्या एका व्यापाऱ्याच्या गल्ल्यात नसते. तो माल चढवून खाली उतरतो. आणि त्याच मालाच्या पुढे जो केबिनमध्ये चढून बसतो, त्याची सारी रोजी एका माणसाच्या मर्जीत असते. दोघांमध्ये सहा फुटांचे अंतर नाही. चालकांसाठी असे मंडळ व्हावे, ही मागणी मी अनेक सभांत मांडली आहे. टाळ्या मिळतात.

१ जानेवारी २०२४ ला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, ते आपल्याला आठवत असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम नव्या न्यायसंहितेत आले होते. दुसऱ्याच दिवशी सरकारला सांगावे लागले की चर्चा केल्याशिवाय ते लागू करणार नाही, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा तेवढे कलम बाजूला ठेवले गेले. लाखो माणसे एकदम नाही म्हणाली की ते ऐकू येते. मी ज्याच्याविषयी बोलतो आहे तो मात्र रात्री साडेअकरा वाजता एका यार्डात एकटा असतो. त्याच्या बाजूला क्लीनरही नसतो हल्ली. खर्च वाचवायला काढून टाकला. ‘तू मागचा माल बघ’ असे ज्याला सांगायचे, तो माणूसच उरला नाही.

गेल्या महिन्यात एक पोरगा आला होता, जालन्याकडचा. दोन शेठ, नेहमीचाच प्रश्न. मी त्याला घेऊन एका यार्डात गेलो. एक वयस्क चालक गाडीखाली बसून जेवत होता. मी विचारले, ‘मामा, ह्या शेठला कधी नाही म्हणालात काय?’ ते म्हणाले, ‘मागच्या पावसाळ्यात म्हणालो. प्लेटा होत्या, बांधणी पटेना. दीड दिवस गाडी उभी ठेवली.’ ‘मग?’ ‘मग काय, शेठने आईबापापर्यंत शिव्या दिल्या.’ ‘आणि भत्ता?’ ‘भत्ता दिला की. दोन्ही दिवसांचा.’ पोरगा तिथे काही बोलला नाही. परत येताना म्हणाला, ‘काका, दुसरा शेठ फेरीला आठशे जास्त देतो.’ मी म्हणालो, ‘देत असेल.’ त्याने पुन्हा विचारले, ‘शिव्या फार देतो का हो हा?’ मी म्हणालो, ‘मामा अजून इथेच आहेत, ह्यावरून बघ.’

तो त्या यार्डात लागला आहे. जाताना मी त्याला माझा नंबर दिला, आणि सांगितले की रात्रीही कर. फोन मी उशाशी ठेवतो. बंद करीत नाही.